ट्रॉम्बोन, दही-साखर आणि मिसिसिपीपर्यंतचा रस्ता

"स्प्रिंग ब्रेकला कुठे?" ह्या प्रश्नाची डॅलसजवळच्या आमच्या प्लेनोतली उत्तरं ठरलेली आहेत. फ्लोरिडा, नाहीतर ग्रँड कॅन्यन, नाहीतर फ्रीमाँटला दिराकडे. २००६च्या मार्चमध्ये मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, मी "मिसिसिपी" म्हटलं, तेव्हा कोशिंबीर वाढणाऱ्या सुधाकाकूंचा हात मध्येच थांबला.

"मिसिसिपीत काय आहे गं बघायला?"

"एक कॉलेज आहे, काकू. आमच्या डॅनिएलची ऑडिशन आहे तिथे."

"ही कोण डॅनिएल?"

सांगते. मी दर शनिवारी दक्षिण डॅलसमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये शाळकरी मुलांना बीजगणित शिकवते. हा वर्ग मिस लोरेन चालवतात. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं "एकदा येऊन तर बघ" म्हणून मला नेलं आणि मी तिथेच चिकटले. वस्ती कृष्णवर्णीयांची आहे, तेवढ्यावरून मंडळात मला "गाडी लॉक करतेस ना?" असं अधूनमधून विचारलं जातं. करते. प्लेनोतही करते.

डॅनिएल ही मिस लोरेनची नात, आडनावही आजीचंच, कार्टर. वय सतरा. ती ट्रॉम्बोन वाजवते. ट्रॉम्बोन म्हणजे ते लांबलचक पितळी वाद्य, नळी पुढेमागे सरकवत तोंडानं वाजवायचं. तिच्या शाळेतले बँडचे सर सोडून गेले, नवे कुणी आलेच नाहीत आणि बँडच्या खोलीला कुलूप लागलं. वाद्यं आत, मुलं बाहेर. डॅनिएल चर्चमधल्या एका म्हाताऱ्या वादकाकडे शिकत राहिली. तिला संगीतशिक्षिका होऊन त्याच शाळेत परत यायचंय आणि ते कुलूप काढायचंय. मिस लोरेन मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांच्या ज्या कॉलेजात शिकल्या, तिथला मार्चिंग बँड नावाजलेला. त्यात निवड झाली की फीची सोय होते. नाही झाली, तर सुपरमार्केटमधली नोकरी पूर्ण वेळ आणि कॉलेज 'पुढे बघू'. आणि 'पुढे बघू'चं काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे.

ऑडिशन शनिवारी सकाळी होती. त्यांना घेऊन जाणाऱ्या मामाची ड्युटी ऐन वेळी बदलली आणि मिस लोरेनच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मी फटकन म्हणाले, "आम्ही नेतो की!" ह्या 'आम्ही'मध्ये आपण आहोत हे माझ्या नवऱ्याला, शेखरला, संध्याकाळी कळलं.

शुक्रवार

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: डॅलसहून आय-२० हा महामार्ग पकडायचा आणि पूर्वेला जात राहायचं. वळणं जवळजवळ नाहीतच. सात तास धरून चाला, आमच्यासारखे थांबत गेलात तर नऊ. तरीही शेखरनं नकाशांचे प्रिंटआउट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातले होते. तो पुण्याचा आहे. मी नागपूरची, त्यामुळे माझी तयारी कूलरमध्ये होती: धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात, शिवाय वेगळं डबाभर घट्ट दही.

"हे एक्स्ट्रा दही कशाला?" शेखरनं विचारलं.

"उद्या लागेल."

आमची लेक केतकी मागच्या सीटवरून म्हणाली, "ओह नो. आई, नॉट द योगर्ट थिंग." स्पेलिंगच्या स्पर्धेपासून व्हायोलिनच्या कार्यक्रमापर्यंत मी तिच्या हातावर दही-साखर ठेवत आले. गेल्या वर्षी तिनं मैत्रिणींसमोर हात मागे घेतला आणि तेव्हापासून ते बंदच पडलं. मला त्याचं वाईट वाटलं होतं.

श्रीव्हपोर्टपर्यंत पाइनची उंच झाडं सोबतीला असतात. लुइझियानात शिरल्यावर मिस लोरेन खुलल्या. त्या पुढच्या सीटवर, गुडघ्याखाली उशी. त्यांच्या कॉलेजच्या काळात ह्या वाटेवरच्या बहुतेक खानावळींत त्यांना बसू देत नसत. आई बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि केक बांधून द्यायची.

"म्हणून तुझा हा डबा बघून मला घरच्यासारखं वाटतंय," त्या धपाटं दह्यात बुडवत म्हणाल्या. "फक्त आमच्यावर डबा नेण्याची वेळ यायची, तू हौसेनं आणलायस."

मी आणखी एक धपाटं त्यांच्या हातात दिलं. 

मनरोच्या पुढे एका साध्याशा हॉटेलात जेवलो. शाकाहारी मंडळींनो, इथे पालेभाजी दिसली की हुरळून जाऊ नका. आधी विचारा, तिच्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं. पण तळलेली भेंडी आणि मक्याचा पाव मिळतो, आणि शेखरच्या ताटात चक्क चवळी आली. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. पाच जण पोटभर जेवून तीस डॉलरच्या आत सुटलो.

विक्सबर्गला मिसिसिपी नदी ओलांडली की लगेच उजवीकडे पर्यटकांसाठी केंद्र आहे. फुकट कॉफी, स्वच्छ बाथरूम आणि नदीचा देखावा. नदी मातकट, रुंद आणि अजिबात घाई नसलेली. डॅनिएल कठड्याशी उभी राहून हवेतच ट्रॉम्बोनची नळी सरकवत होती. वाटेत ती फारशी बोलली नव्हती.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"नो, मॅम," ती म्हणाली. मग हवेतली नळी मागे ओढत, "येस, मॅम."

मोटेल एका गुजराती जोडप्याचं होतं, पन्नास डॉलरला खोली. काउंटरवरच्या बेननी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मला हिंदीत विचारलं, "सब साथ में हैं?"

"हो, सगळे एकत्र," मी मराठीतच ठासून सांगितलं. त्यांनी लगोलग शेजारशेजारच्या खोल्या दिल्या आणि मिस लोरेनसाठी तळमजल्यावरची.

शनिवार

कॉलेज छोटंसं आहे. लाल विटांच्या इमारती, मोठाली ओकची झाडं, आणि जो भेटेल तो "गुड मॉर्निंग" म्हणणारच. मिस लोरेन काठी टेकत एका जुन्या इमारतीसमोर थांबल्या.

"इथे माझा पहिला तास झाला," त्या म्हणाल्या. "सरांनी हजेरी घेतली. 'मिस कार्टर.' मी मागे वळून पाहिलं, ही कोण? मग लक्षात आलं, मीच. बाहेर गावात गोरी माणसं आमच्या आईलासुद्धा 'मिसेस' म्हणायची नाहीत. पोस्टात, दुकानात सगळीकडे नुसतं नाव. इथे मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक विद्यार्थ्याला मिस किंवा मिस्टर. अजूनही."

म्हणजे ह्या जागेनं त्यांना पहिल्यांदा 'अहो' म्हटलं होतं. हे मला इंग्रजीत नीट सांगता आलं नसतं, म्हणून मी शेखरला मराठीत सांगितलं. त्यानं मान हलवली आणि चष्मा पुसला. गोऱ्यांच्या ज्या कॉलेजांची दारं ह्या लोकांना बंद होती त्यांच्याबद्दल मी वाचलं होतं. पण दार बंद असताना आपल्या लोकांसाठी वेगळं दार उघडणाऱ्यांनी आत बोलायची रीतही ठरवली होती, हे मला त्या ओकखाली कळलं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

बँड हॉलच्या बाहेर मी कूलर उघडला. दही थंडगार, कवडीसारखं घट्ट लागलेलं. मोटेलमधून साखरेच्या पुड्या घेतल्या होत्या. केतकी लांब जाऊन उभी राहिली. मी डॅनिएलला उजवा हात पुढे करायला सांगितला.

"आमच्याकडे परीक्षेला जाताना मोठी माणसं हे हातावर देतात. यश मिळतं."

डॅनिएलनं तळहातावरच्या दह्याकडे पाहिलं, मग आजीकडे. मिस लोरेननी भुवई किंचित उंचावली. मोठ्यांनी हातावर ठेवलेलं खायचं असतं, हा नियम त्यांच्याही घरात असणार. डॅनिएलनं ते सगळं खाल्लं आणि "थँक यू, मिस वैशाली" म्हणाली. मी तर धन्य झाले.

पालकांना मागच्या खुर्च्यांवर बसायची परवानगी होती. बँडचे सर दणकट, अर्धवट पिकलेल्या मिशांचे, कडक इस्त्रीचा शर्ट.

"मिस कार्टर, तयार असाल तेव्हा."

त्या हाकेबरोबर मिस लोरेननी माझा हात घट्ट धरला. डॅनिएलनं श्वास घेतला आणि वाजवायला लागली. पहिला सूर बरा लागला. दुसऱ्याला आतून गुळणी केल्यासारखा आवाज आला. तिसरा फाटला. ती थांबली, परत सुरू केलं, परत तेच.

सरांनी हात वर केला. "मिस कार्टर, सकाळी काय खाल्लंत?"

"सीरियल, सर." मग अगदी हळू, "आणि आत्ता दही. साखर घालून."

सर खुर्चीत मागे रेलले. "च्युइंगगम खाऊन आलेले पाहिलेत मी. कोक पिऊन आलेले पाहिलेत. पण दुधाचं घशात कफ करतं आणि साखर वाद्यात चिकटते, ह्या दोन गोष्टी एकत्र कालवून कुणी आलेलं नाही."

आमच्या घरात वाद्य म्हणजे शेखरचा तबला आणि केतकीचं व्हायोलिन. दोन्हींना तोंड लावावं लागत नाही! मला हे सुचणार कुठून? मी उभी राहिले.

"सर, चूक माझी आहे. आमच्या भारतात परीक्षेआधी हे देतात. शुभ असतं."

"उपयोग होतो?"

"लेखी परीक्षेला होतो."

पहिल्यांदा सरांच्या मिशा हलल्या, मग मागच्या रांगेतले सगळे पालक हसत सुटले. सर म्हणाले, "मिस कार्टर, वाद्य धुऊन आणा, भरपूर पाणी प्या. तुमचा नंबर सगळ्यात शेवटी."

बाथरूमच्या बेसिनवर डॅनिएल वाद्याच्या नळ्या सुट्या करून धूत होती आणि मी पेपर टॉवेल देत होते.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"येस, मॅम. वाजवायच्या आधी दूध नाही, गोड नाही. अगदी पहिला धडा."

"मग नाही का म्हणाली नाहीस?"

ती वैतागलीच. "तुम्ही ते टेक्सासपासून बर्फात घालून आणलं होतं! नाही कसं म्हणू?"

आणि तिला रडू फुटलं. मलाही. मला इतकी शरम वाटली की काय सांगू. तिचं आख्खं पुढचं आयुष्य त्या हॉलमध्ये ठरणार होतं आणि मी माझी हौस भागवून घेतली होती. तेवढ्यात केतकी बाटली घेऊन आत आली.

"कोमट पाणी. कॅफेटेरियातून आणलं," ती इंग्रजीत म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आई, प्लीज, आता तिला काही खायला देऊ नकोस."

डॅनिएल रडता रडता हसली. मग तिनं गुळण्या केल्या, तोंड धुतलं, वाद्य जोडलं.

शेवटी तिचा नंबर आला. तिनं स्वरांचे सगळे पाठ आधी वाजवले, एकही चुकला नाही. मग चर्चमधलं एक संथ भजन. ते मी शनिवारी हॉलच्या भिंतीपलीकडून कितीदा ऐकलं होतं, पण असं नाही. सूर लांब जायचा, मध्येच वाकायचा आणि अलगद खाली यायचा. मिस लोरेन ओठांतल्या ओठांत शब्द म्हणत होत्या.

सर पुढे झुकले. मग विचारलं, "तुम्हाला शिक्षिका का व्हायचंय?"

"माझ्या शाळेत एक खोली बंद आहे, सर. ती मला उघडायचीय."

"फाटलेला सूर दुसऱ्यांदा उचलता येणं," सर कागदावर काहीतरी लिहीत म्हणाले, "हे मला माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला वर्ष लागतं. आम्ही फोन करू."

रविवार आणि नंतर

परतीच्या वाटेवर डॅनिएल आणि केतकी मागे एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. कूलरमधलं उरलेलं दही मी विक्सबर्गच्या कचरापेटीत टाकणार होते. शेखरनं टाकू दिलं नाही, त्यानं त्यात पुऱ्या संपवल्या. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: ऑडिशनच्या आठवड्यात खोल्या लवकर भरतात, आधी फोन करून ठेवा. दुसरी सूचना तुम्हाला कळली असेलच.

फोन एप्रिलमध्ये आला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते आणि मिस लोरेननी व्हॉइसमेलवर फक्त एवढंच म्हटलं होतं, "मिस कार्टर जातायत." मी मीटिंग सोडून पार्किंगमध्ये जाऊन तो निरोप परत परत ऐकला. सुधाकाकूंना सांगितलं, तर त्यांनी डबाभर बेसनाचे लाडू केले आणि म्हणाल्या, "मलाही एकदा ने गं तुझ्या शनिवारच्या वर्गाला. माझं गणित चांगलं होतं." त्या आता अपूर्णांक शिकवतात आणि मुलं त्यांना घाबरतात.

ऑगस्टमध्ये डॅनिएल निघाली त्या सकाळी मी आणि केतकी मिस लोरेनच्या घरी निरोप द्यायला गेलो. ह्या वेळी मी मुद्दाम रिकाम्या हातानं गेले होते. मामाची व्हॅन भरून झाली. डॅनिएलनं ट्रॉम्बोनची पेटी सगळ्यात शेवटी आत ठेवली, दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन उजवा हात पुढे केला.

"वाद्य आत आहे, मिस वैशाली. आज चालतं."

आता आली पंचाईत. मी मिस लोरेनच्या फ्रिजकडे धावले. तिथे होतं ते स्ट्रॉबेरीचं दही, गुलाबी. तेच वाटीत काढलं, अंगणात आणलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तिनं शेवटपर्यंत चाटून खाल्लं. मग बघते तो शेजारी आणखी एक तळहात, लहान, नखांवर उडालेलं निळं नेलपॉलिश.

"मला पण," केतकी म्हणाली. मराठीत. "सोमवारी शाळा सुरू होतेय."

स्ट्रॉबेरीच्या दह्यात मुळातच साखर असते. मी वरून आणखी एक चमचा घातली.