दक्षिणेकडे वात

टीव्हीवर खुनाची मालिका लागली, की जरीपटक्यातले निवृत्त हवालदार रुपराव बोरकुटे पाठ फिरवून बसतात. एकदा नात मयुरानं विचारलं, "आबाजी, मालिकेत पाहून कोणी खरंच तसा खून करते का?"

"करते. पण अर्धवट," ते वैतागून म्हणाले. "टीव्हीतल्याले घर नसते, खऱ्याले असते. बंद कर ते."

ते नोकरीत असताना कुहीकडच्या धर्मेंद्रनं वाटणीच्या वादातून मोठ्या भावाला गोठ्यात मारलं होतं. पुढचं सगळं मालिकेत पाहिलेलं. त्यानं गोठा धुतला, प्रेत लांब नेऊन पुरलं, भावाचा मोबाइल कळमेश्वरला जाणाऱ्या ट्रकमध्ये टाकला आणि भाऊ हरवल्याची तक्रारही स्वतःच दिली. रुपराव चौकशीला गेले, तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात कणकेचा दिवा जळत होता, वात दक्षिणेकडे. माणूस जिथं मरतो, तिथं घरचे असा दिवा लावतात.

"भाऊ हरवला म्हणतोस, मंग हा दिवा काहून लावला गा?"

धर्मेंद्र दिव्याजवळ जाऊन बसला.

"त्याले माझ्याशिवाय दुसरं होतं कोण, साहेब?"