म्हैस घेऊन उडणारे महाराज

आमच्या पंथात महाराजांचं चित्र काढत नाहीत. जसोंडी या आमच्या गावच्या मठात त्यांची रिकामी गादी आहे, तिलाच आम्ही डोकं टेकवतो. तापीचा मोठा पूर महाराजांनी आधीच सांगितला, म्हणून गाव वाचलं, असं बापजाद्यांपासून ऐकत आलो. त्या महाराजांचं बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या एका पेंटरनं कॉमिक काढलं. छाती पहिलवानाची, पाठीवर फडफडती शाल, दोन्ही काखांत एकेक म्हैस, आणि महाराज पुरावरून उडतायत! बोलणं सगळं हिंदीत. नवं राज्य झालं, अकोला-बुलढाणा तिकडे मराठी मुलखात गेले, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो, तेव्हाचे ते दिवस. मला वाटलं, आता महाराजांनाही मराठी सोडायला लावली. मठात उभं राहून मी सांगितलं, हे पुस्तक ज्याच्या घरात, त्याच्या घरचं पाणी मी पिणार नाही. शाळा मी जेमतेम पाहिलेली, पण माझ्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती.

त्याच हिवाळ्यात माझ्या बायकोला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, पातळ पेज भरवा. पाणी ती घ्यायची, पण पेजेचा चमचा नेला की ओठ घट्ट. मी रागावलो, हात जोडले, गादीचा अंगारा लावला. काही उपयोग नाही. अशीच राहिली तर हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती माझ्यावर रुसून निघाली, असंच मी धरून चाललो. महाराजांवरचाही माझा भरवसा हलला.

शेजारच्या खाटेवर देडतलाईची एक बाई होती, पाय मोडलेला. वाचता येत नव्हतं, तरी तेच कॉमिक उघडून चित्रं बघत एकटीच हसायची. मी तिच्याकडे पाठ करून बसायचो. एका सकाळी म्हणाली, "बाबा, तुमचं तोंड बघूनच माई जेवत नसेल. सरका जरा!" आणि वाकून तिनं ते पान माझ्या बायकोपुढे धरलं. "देख माई, महाराज कैसे भैंस लेके उड़ रहे!"

मी पुस्तक हिसकावणार, तेवढ्यात बायकोचा डावा हात हलला. हळूहळू कपाळापर्यंत गेला. डोळे भरले. आणि तिनं तोंड उघडलं. मी नुसता बघत राहिलो.

"अरे बाबा, बघता काय? डालो ना मुँह में!" बाई ओरडली.

संध्याकाळी सून आली. ऐकून म्हणाली, "मामंजी, गादीचं दर्शन झाल्याशिवाय आई घास घेत नाहीत. तुम्हाला ठाऊक नाही?"

नव्हतं ठाऊक. मी पहाटेच भाकर खाऊन केळीच्या मळ्यात जायचो. एवढा संसार झाला, पण ती काय बघून जेवायला बसते हे मी कधी पाहिलं नाही. गादी दवाखान्यात येऊ शकत नव्हती. महाराज आले, मला न आवडणाऱ्या रूपात आले.

त्या बाईनं पुस्तक आम्हालाच देऊन टाकलं. गावात एकानं टोमणा मारलाच, "काय पाटील, आता स्वतःच्या घरचं पाणी पिता की नाही?"

बायकोची वाचा परत आली नाही. ती होती तोवर रोज जेवणाआधी मीच ते पान तिच्यापुढे धरलं. त्या चित्रात तुला काय दिसतं, असं विचारायचो. ती माझ्याकडे बघायची, बस. बोलत होती तेव्हा मी काहीच विचारलं नाही, याची बोच जात नाही.

महाराजांनी कसं यावं हे ठरवणारा मी कोण? ते आले, तिला थोडे दिवस देऊन गेले, त्यांचे उपकार. आता ताट समोर आलं की मी जरा थांबतो. महाराजांसाठी थांबतो म्हणालो तर खोटं होईल. तिच्यासाठी थांबतो. महाराज समजून घेतील.