कोनादू मावशीचा पातळ रस्सा

डोकं फिरायची वेळ आली होती! कुमासी शहरातल्या आमच्या हॉटेलात वीस वर्षं शेंगदाण्याचा रस्सा कोनादू मावशीच करते. लोक मुद्दाम तो खायला येतात. आणि गेला महिनाभर तोच रस्सा म्हणजे नुसतं गरम पाणी. समोर नवं हॉटेल उघडलेलं, तिथून मावशीला बोलावणं आलेलं. ती गेली की आम्ही शटर ओढून घरी बसायचं.

यावर मॅनेजर डान्सो साहेबांनी काय करावं? राजधानी आक्राहून कामगारांना जोश चढवणारा एक टायवाला आणला. त्याने आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवली, टाळ्या वाजवायला लावल्या. मग मावशीचा फोटो दारात टांगला, 'महिन्याची उत्तम कर्मचारी'. दुसऱ्या दिवशी रस्सा आणखी पातळ!

"आता हिला काय सोन्याचा डाव देऊ?" साहेब माझ्यावर खेकसले.

माझीही सटकली. "साहेब, महिन्यापूर्वी तिची आई गेली. जुआबेनला, तिच्या गावी, शनिवारी मयतीचा विधी झाला. मुख्य वेटर म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं. गेलात तुम्ही?"

"शनिवारी कसा जाणार? आपल्याकडे सगळ्या मयती शनिवारीच होतात. गावभरच्या मयतींचे पाहुणे त्याच दिवशी तर आपल्याकडे जेवायला येतात!"

"म्हणजे सगळ्या गावाच्या मयतीच्या पाहुण्यांना जेवू घालायचं, आणि आपल्या आचारणीच्या दारात पाच मिनिटं बसायचं नाही? धन्य आहे! चला, आत्ताच."

शोकाचे काळे कपडे घालून दोघं तिच्या घरी गेलो. तिने रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं, मग येण्याचं कारण विचारलं.

साहेब खाली बघत म्हणाले, "मावशी, आईला निरोप द्यायला आलो नाही. चुकलं माझं."

तिने डोळे पुसले. "उद्यापासून रस्सा पहिल्यासारखा करते," म्हणाली. मला हुश्श झालं. एवढं सोपं होतं, आणि टायवाल्यांना कशाला बोलावता, असं साहेबांना सुनावायला मी तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "साहेब नवे आहेत, सहा महिन्यांचे. त्यांचा मला राग नव्हता रे, ओपोंग. तू अठरा वर्षं माझ्या हातचं खातोस. माझी आई तुझ्यासाठी केळी पाठवायची. त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत तुझी खुर्ची धरून ठेवली होती मी."

त्या शनिवारी मी हॉटेलच्या दारात उभा होतो, परक्यांच्या मयतीच्या पाहुण्यांना "या, बसा" म्हणत.

हातातला पाण्याचा पेला मी न पिताच खाली ठेवला.