लुगड्याने पुसलेली डिस्क

पनवेलच्या एसटी स्टँडमागे माझ्या मित्राचं व्हिडिओ गेमच्या डिस्कचं दुकान आहे. डिस्क हातात देण्याआधी तो ती आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसतो, देव्हाऱ्यातला देव पुसावा तशी. हल्ली मुलं वर्गणी भरून नेटवरच खेळतात. त्यामुळे दुकानात बहुतेक वेळा गिऱ्हाईक म्हणून मी एकटाच असतो.

"वर्गणी थांबली का गेम गेला," तो म्हणतो. "हातात हाय तेच आपलं. बाकी काय आपलं नाय."

त्याचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. घराचे सगळे कागद त्याच्याच नावावर होते, तरी घर गेलं. म्हणून मी वाद घालत नाही.

परवा त्याने मला दाखवायला स्वतःची सगळ्यात लाडकी डिस्क लावली. टीव्हीवर इंग्रजी ओळ उमटली. मी वाचून सांगितलं, "कंपनीने सर्व्हर बंद केलाय. त्याच्याशिवाय हा गेम आता चालणार नाही."

"पण डिस्क आपल्याकडं हाय ना!"

त्याने ती काढून पुसली आणि पुन्हा लावली. तीच ओळ आली. पुन्हा पुसली, या वेळी जरा जोरात.

"धूल असंल," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

डिस्क आरशासारखी लख्ख होती.

"असेल," मी म्हणालो.