अक्काचा मोतीबिंदू

माझ्या आत्याला मी काळा गॉगल लावून डॉक्टरांकडे नेलं आणि तिचा मोतीबिंदू काढलाय असं सांगितलं. मोतीबिंदू तिला नव्हताच. डोळे सुजले होते आणि ते डॉक्टरांना दिसू नयेत, एवढीच माझी योजना होती. मी त्या वेळी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो, हेही आत्ताच सांगून टाकतो. मागाहून कळलं तर जास्त वाईट दिसतं.

आत्याला सगळं असोदं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. केळीच्या बागेत मजुरणींच्या पुढं चालणारी ही बाई अंगणातून ओट्यावर येता येता टेकायला लागली. डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, इतकी वाढली होती की ती म्हणायची, पोटाशी दगड घेऊन झोपते मी.

आमचे जळगावचे डॉक्टर मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात शिकलेले. त्यांनी तिला तिकडे पाठवलं. तिथं एक नवी गोळी माणसांना द्यायला नुकती कुठे सुरुवात झाली होती. जुनी औषधं बऱ्या-वाईट सगळ्याच पेशींवर तुटून पडायची. ही गोळी म्हणे रोगट पेशीतला बिघडलेला तेवढा भागच अडवते. पण ती किती द्यायची, हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून पहिल्या काही जणांना थोडी द्यायची. त्यांना सोसली, की पुढच्या काही जणांना जास्त. अक्का पहिल्यांमध्ये होती. महिन्यातून एकदा मुंबई, आणि मधल्या आठवड्यांत जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून, त्रास विचारून तिकडे कळवायचं. सही घेण्याआधी मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं की जे काय होईल ते सगळं सांगा, लहानसहानसुद्धा. मी मान डोलावली. माझी मान फार छान डोलते. मागे काही असलंच पाहिजे असं नाही.

परतीच्या गाडीत मी अक्काला ते सगळं माझ्या भाषेत समजावलं. मास्तराच्या भाषेत जगात एकच गोष्ट असते, परीक्षा. मी म्हटलं, अक्का, ही परीक्षा आहे. ज्याची काही तक्रार नाही तो पास. ज्यानं कुरकुर केली त्याचं नाव कापलं, गोळी बंद.

आमच्या शाळेतही प्रयोग असेच व्हायचे. तापमापकात पारा कुठेही असो, मुलं गाइडातला आकडा लिहायची आणि मी खाली लाल शाईनं 'उत्तम' लिहायचो. त्यामुळे माझ्या बोलण्यात मला स्वतःलाही काही खोट दिसली नाही.

अक्काला तर ते लगेच पटलं, कारण तिच्याकडे त्याहून जुनं शास्त्र होतं. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरताची पार्टी होते. काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर कुटायची आणि पंगती बसवायच्या. भरीत कितीही जहाल होवो, पाहुण्याच्या नाकाडोळ्यांतून धारा लागोत, विचारलं की पाहुणा म्हणणार, झकास झालंय, वाढा अजून. ज्यानं वाढलं त्याच्या तोंडावर नावं ठेवायची नसतात. डॉक्टरांनी तर फुकट औषध वाढलं होतं.

आणि गोळी खरोखर लागू पडत होती. काही आठवड्यांत रक्ताचे आकडे उतरू लागले. अक्का पुन्हा बागेच्या बांधापर्यंत जाऊन यायला लागली, दगड लहान झाला म्हणून मला हात लावून बघायला लावायची. ही गोळी हातची गेली तर पुढं काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यातच तिचे डोळे सुजायला लागले. सकाळी उठली की पापण्या उकडलेल्या बटाट्यासारख्या. गोळीनंतर उलटी व्हायची, झोपेत पोटऱ्यांत गोळे यायचे. पोटऱ्या लुगड्याखाली होत्या. उलटीचं मी डॉक्टरांना सांगितलं, एस.टी. लागते तिला. असोद्याहून निघालेली एस.टी. माणसाला लागायच्या आत जळगावात पोचते, पण डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. राहिले डोळे. त्यासाठी मी स्टेशनाजवळून गॉगल आणला. तो लावून अक्का दवाखान्याच्या बाकावर बसली, तेव्हा तिच्या शेजारची बाई जरा सरकून बसली.

डॉक्टरांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, मोतीबिंदू काढलाय. उजेड चालत नाही, गॉगल काढू नका म्हणालेत. मला वाटलं, संपलं. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नवी गोळी चालू असताना ऑपरेशन? कुठं केलं? कुणी केलं? मुंबईला कळवावं लागेल, पुढच्या वेळी कागद घेऊन या.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. डोळ्यांच्या एका डॉक्टरांचा मुलगा माझ्या वर्गात होता. कागद मिळेल या आशेनं त्याला मी विज्ञानात एकाएकी फार हुशार ठरवू लागलो.

ठरलेल्या दिवशी मी कागदाशिवायच गेलो. काही तरी सुचेल अशी आशा होती. बाकावर सोनगीरचे एक शेतकरी बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनाही हाच आजार, तेही मुंबईला जाऊन आलेले, गोळी त्याच आठवड्यात सुरू व्हायची होती. अक्काही तीच गोळी घेते हे कळल्यावर ते तिच्याकडे वळले.

"अक्का, खरं सांगा. गोळीना काही तरास व्हस का? डॉक्टर म्हने, पहिलासले सोसनी ते माले जास्ती देतीन."

अक्कानं सवयीनं 'नाही बा' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग गॉगल माझ्याकडे वळला.

"काय रे मास्तर. मी बरं बरं म्हनलं, म्हनून यायले जास्तीची?"

मी म्हटलं, म्हणजे तसं बघायला गेलं तर, हो.

"मले एवढीच सोसेना. मंग यायले कशी सोसीन?"

मी परीक्षेचं पुन्हा काही बोलायला लागलो. नाव कापतील, गोळी बंद होईल, असं हळूच तिच्या कानाशी म्हटलं. तिनं ते ऐकून घेतलं. तिला भीती वाटत होती. तिचा हात बरगडीखाली, दगडाच्या जागेवर होता. मग म्हणाली, पहिल्या पंगतीतल्या आपल्या माणसाला मी मागच्या दारानं विचारून घेत असते, खरं सांग, तिखट झालं का. दुसऱ्या पंगतीला पोरंसोरं बसायची असतात.

नाव पुकारलं तशी ती गॉगल काढून आत गेली.

डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, पापणी बोटानं दाबून पाहिली. मग शांतपणे विचारलं, "अक्का, मोतीबिंदू कुणी काढला?"

"ह्यानंच," अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

पुढं तिनं सगळं सांगितलं. डोळे, उलट्या, पोटऱ्या. दगड लहान झाला तेही सांगितलं, आणि शेवटी विचारलं, आता माझी गोळी बंद का? डॉक्टर म्हणाले, त्रास सांगितला म्हणून कुणाला हाकलत नाहीत. तो कळावा म्हणून तर आधी थोड्यांना दिली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, हे मला जास्त लागलं.

त्यांनी लगेच मुंबईला फोन लावला. अक्काची गोळी काही दिवस थांबवली, सूज उतरल्यावर कमी करून पुन्हा दिली. ती तिला मानवली. नानांना वाढवून द्यायचं राहिलं. त्यांना थोडक्यावरच सुरू केलं.

पुढच्या हिवाळ्यात अक्कानं बागेत भरताची पार्टी केली आणि सोनगीरहून नानांना मुद्दाम बोलावलं. अंगानं अजून वाळलेले होते, पण एस.टी.नं एकटे आले. पहिल्या पंगतीला मी बसलो. पहिल्याच घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. नाना जवळ येऊन उभे राहिले आणि विचारलं, कसं शे?

मी डोळे पुसत म्हटलं, झकास.

अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "नाना, त्याले इचारू नका. तो मेला तरी बरं हाये म्हनीन."