टाकीच्या झाकणावरची तार

विमानाचे पंख कापडाचे असू शकतात, हे मला देवासला येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या मिरजेच्या घरी तंबोरे होतात. आठवीत शाळा सुटली ती भोपळ्यांना पॉलिश करता करताच. लग्न होऊन इतक्या लांब आले, नवरा कारखान्यात, मी घरी शिलाई घेऊ लागले. एक दिवस घरमालकीणबाई म्हणाल्या, टोंकखुर्दच्या रस्त्याला एका काकांच्या शेडमध्ये जुनं विमान आहे, त्याच्या पंखांचं कापड हातानं शिवायला माणूस हवंय.

मी भीत भीत गेले. काका कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, तरुणपणापासून विमान चालवणारे, त्यांचे पूर्वज धारच्या दरबारात कारभारी. बोलणं अजून तसंच, जुन्या वळणाचं. त्यांनी विचारलं, "सुई कोणती वापराल?" मी दाखवली. "उद्यापासून या." किती शिकलात, हे त्यांनी विचारलंच नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मी रस्ताभर घोकत गेले होते. ते न विचारण्याचे उपकार मी आजही मानते.

शेडमध्ये तिसरं माणूस म्हणजे मिस्त्री. गावात ट्रॅक्टर आणि मोटारपंप दुरुस्त करणारे, उरलेला वेळ विमानाचा. माळव्यात सगळेच सगळ्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात, पण मिस्त्री विमानालाही भिया म्हणायचे. मला भाभी.

पंख शिवून झाले, त्यावर रोगण चढलं, कापड ताशासारखं ताणलं. मग तपासणीचे इंजिनीअर इंदूरहून आले. त्यांनी माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, इंजिन ऐकलं, सगळ्याला मान डोलावली आणि तारेपाशी थांबले.

या विमानाची पेट्रोलची टाकी इंजिनामागं, पुढच्या काचेच्या अगदी समोर. टाकीच्या झाकणाला भोक, भोकातून वर आलेली एक तार. आत तारेच्या टोकाला बुचाचा गोळा. पेट्रोल भरलं की बूच वर तरंगतं आणि तार उंच दिसते, खपेल तशी तार खाली जाते. एवढंच ते यंत्र. काटा नाही, वीज नाही. पण आमची तार टाकी भरलेली असतानाही अर्ध्यावर पडून राहायची, आणि कधी भोकात अडकून वरच्या वर थांबायची.

"तारेनं कमी दाखवलं तर माणूस उगाच लवकर उतरतो," इंजिनीअर म्हणाले. "जास्त दाखवलं तर..." त्यांनी आभाळाकडं बोट केलं. "मी पुढच्या महिन्यात परत येतो. तोवर तारेनं खरं बोलायला हवं."

ते गेल्यावर काका खुर्चीत बसले. हायवेवरच्या एका रिसॉर्टवाल्याला ते विमान खांबावर चढवून शोभेला ठेवायचं होतं, आणि काकांचा मुलगा त्याला हो म्हणायच्या बेतात होता. "मी चिरंजीवांस शब्द दिला आहे," काका म्हणाले, "या खेपेस पास न झाले तर देऊन टाकीन. मग ते लोक ह्यास रंगीत दिवे लावोत."

मला एकदम माझे पंख दिसले. उन्हात, खांबावर, पावसानं कापड सुटलेलं, खाली लोक फोटो काढतायत. घरी जाऊन सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, तुझं काम तर पास झालं ना? झालं होतं. पण न उडणाऱ्या पंखांना कुणी एवढं बारीक शिवतं का?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी झाकण काढून तार वर ओढली. बूच काळं, फुगलेलं, हाताला चिकट. त्यांनी ते बोटांत दाबलं, पेट्रोल गळलं.

"भाभी, ये तो गुलाबजामुन हो गया," ते म्हणाले. "चाशनी पी के बैठा है."

बुचावरचं जुनं रोगण गेलं होतं, त्यामुळं ते पेट्रोल पिऊन जड झालं होतं. मी म्हटलं, पॉलिश माझ्यावर सोपवा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी आपण होऊन काही मागितलं असेल. मिस्त्रींनी जुन्या थर्मासाचं जाडजूड बूच शोधलं. ते काकांच्याच थर्मासाचं निघालं, आणि पुढं महिनाभर काकांचा चहा रुमालाच्या बोळ्याखाली निवत राहिला. मी ते तासून गोल केलं आणि घरच्या रीतीनं पॉलिश केलं. लाखेचे दाणे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाची गादी करायची, हलका हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा हात. बूच असं चमकलं की त्यात शेडचं दार दिसायला लागलं.

"बाई, हे तर तंबोऱ्याचे पोर शोभते," काका म्हणाले. मी दिवसभर हवेत.

सकाळी ते बरणीतल्या पेट्रोलमध्ये तरंगत ठेवलं. दुपारच्या चहाला बघितलं तर पेट्रोल तांबूस झालेलं आणि बूच तळाला.

मी शेडमागं जाऊन मिरजेला आण्णांना फोन लावला. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. आवाज रडका होऊ नये म्हणून आधी तब्येत विचारली.

"तब्येत राहू दे. काय बिघडवलंस ते सांग."

सांगितलं. ते हसायला लागले. "अगं, लाख कशात विरघळवलीस?"

"स्पिरिटात."

"आणि पंपावरच्या पेट्रोलात हल्ली काय मिसळतात? माझ्या स्कूटरच्या नळ्या कशानं गेल्या, सांगितलं नव्हतं तुला?"

विमानाचं खास पेट्रोल लांबून पिंपात यायचं, म्हणून जमिनीवर इंजिन चालवून बघायला आम्ही पंपावरचंच भरत होतो. त्यात मिसळलेल्या इथेनॉलनं, म्हणजे स्पिरिटनंच, माझी लाख खाल्ली, तशीच आधी जुन्या बुचाचं रोगणही खाल्लं असणार. इतके दिवस आम्ही तारेला नावं ठेवत होतो, आणि करणारे आम्हीच.

आत येऊन मी सगळं सांगितलं. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "मतलब भिया को दारू हमने ही पिलाई. और बोल रिये हैं कि भिया झूठ बोलता है."

काका मात्र ताठ बसले. "बाई, तुम्ही ती लाख लावली नसती, तर हे कळले नसते." आणि त्यांनी लगेच इंजिनीअरांना फोन केला.

इंजिनीअर म्हणाले, दोन डब्यांतलं मिसळून लावायचं एक रोगण येतं, त्याला पेट्रोल शिवत नाही, स्पिरिटही नाही, मी पाठवतो. अखंड बूच असेल तर चालेल. पण हात पातळ हवा. थर जाड झाला तर बूच वजनानंच बुडेल, आणि कुठं सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तर पुन्हा गुलाबजामुन. आणखी एक तुकडा तसाच रंगवून माझ्याकडं पाठवा, मी तपासून बघतो.

पातळ हात म्हटल्यावर मला जरा धीर आला. लहानपणापासून तेवढंच तर केलंय. तंबोऱ्यावर थर जाड बसला की आवाज मरतो, म्हणून आण्णा बोटांवर मारायचे. थर्मासाच्या बुचातून दुसरा गोळा निघत होता. दोन्ही सोलून, उन्हात वाळवून, मी ते रोगण लावायला बसले. हे लाखेसारखं मवाळ नव्हतं, वेळ गेला की हातातच घट्ट व्हायचं. थोडंच कालवायचं, पटकन लावायचं, मग वाळायची वाट बघायची. मिस्त्री येता जाता विचारायचे, "भाभी, हो गया क्या?" मी मान हलवायची. शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं.

अडकणाऱ्या तारेचं काम त्यामानानं सोपं निघालं. आमच्याकडं मिरजेला तार सरळ आहे का ते काचेवर लोळवून बघतात. मी घरचा आरसा आणला. तार लोळवली की जिथं खालून उजेड दिसे, तिथं पोक. बोटांनी दाबत दाबत तो काढला. मिस्त्रींनी झाकणाचं भोक साफ केलं. तार आपल्या वजनानं सुळकन खाली गेली, तेव्हा मिस्त्रींनी शीळ घातली.

मग भरणी. मिस्त्री मोजून पेट्रोल ओतत होते, या वेळी पिंपातलं. काका काठी बुडवून खोली बघत होते आणि मी तारेवर लाल नेलपेंटनं खुणा करत होते. पहिल्या मापाला तार हललीच नाही. दुसऱ्याला थरथरली. तिसऱ्याला वर आली.

"चढ भिया, चढ," मिस्त्री पुटपुटले.

आणि ती चढत राहिली. टाकी भरली तेव्हा तार झाकणावर उंच उभी होती, विमानाची शेपटी हलवली की डुलायची, पुन्हा जागेवर यायची.

इंजिनीअर आले. आधी त्यांनी खिशातून मी पाठवलेला गोळा काढला. इतके दिवस तो त्यांनी पंपावरच्या पेट्रोलात ठेवला होता. माझ्या समोर दाबून दाखवला. कोरडा, हलका. मग टाकी थोडी उपसली, पुन्हा भरली, काठी आणि तार ताडून पाहिली. काकांकडं वळून म्हणाले, "न्या आता कुठं न्यायचं ते."

काकांना धारला न्यायचं होतं. तिथं त्यांच्या थोरल्या बहीण आक्का राहतात. फोन केला की आक्का तब्येतीऐवजी विमान विचारायच्या. काकांनी आधी एकट्यानं इथल्याच धावपट्टीवर पुष्कळ फेऱ्या मारल्या. परवानग्या आल्या. मिस्त्री पहाटेच मोटारसायकलवर धारला निघाले. काका मला म्हणाले, "ह्यात चालवणारा मागे बसतो. पुढची जागा रिकामी आहे. तार तुमची, तुम्हीच पाहा."

मी कधी जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा बसले नव्हते. नवऱ्यानं पट्टा आवळून दिला, मग पुन्हा एकदा ओढून बघितला.

जमीन सुटली तेव्हा मी खाली बघितलंच नाही, तारेकडं बघितलं. ती वाऱ्यात कापत होती, पण उंच होती. मग बाजूला माझा पंख दिसला. कापड ताठ, टाके जागच्या जागी, त्यावर ऊन. देवासची टेकडी त्याच्याखालून मागं गेली. गव्हाची शेतं आली, आणि तार लाल खुणांवरून एकेक करत खाली येत गेली, जशी यायला हवी तशी. धारची तळी चमकली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण मघापासून गुणगुणतोय. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार.

धावपट्टीच्या कडेला आक्का छत्रीखाली खुर्चीत बसल्या होत्या. काका पाया पडले. "उशीर केलास," त्या म्हणाल्या, आणि काठी टेकत पंखापाशी जाऊन बोटानं टाके चाचपू लागल्या. "हे कोणी शिवले?"

"ह्या बाईंनी. तारही ह्यांचीच."

"बारीक आहे हो हात."

मिस्त्रींनी टाकीत काठी बुडवली, तारेची खूण बघितली, पुन्हा काठी बघितली. "सही बोल रिया है भिया," ते म्हणाले आणि तोंड फिरवून उगाच चाकाची हवा तपासायला लागले.

आक्कांच्या घरच्या पुरणपोळ्या विमानाच्या सावलीत बसून खाल्ल्या. निघायची वेळ झाली. काका चढायला आले, एक पाय आत टाकला आणि झाकणाकडं न बघताच मला विचारलं, "बाई, परतीस पुरेल ना?"

मी तारेकडं बघितलं.

"पुरेल, काका."

ते आत बसले आणि त्यांनी पट्टा लावला.