बंद बेटावरची गुढी

बाली बेटावर वर्षातला एक दिवस काहीही होत नाही, आणि आम्ही नेमका तोच दिवस बघायला गेलो होतो.

काहीही म्हणजे काहीही! विमान उतरत नाही, दुकान उघडत नाही, चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. मोबाइलचं इंटरनेटसुद्धा बंद. ही गोष्ट साऱ्या जगाला माहीत आहे. मला माहीत नव्हती. मी बेळगावातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते.

त्याचं असं झालं. इतकी वर्षं मी फळ्यावर रंगीत खडूंनी ज्वालामुखी काढत आले. आत लाल, वर काळा, बाजूला बाण. माझा ज्वालामुखी शाळेत प्रसिद्ध आहे. पण प्रत्यक्षात मी एकही पाहिला नव्हता, आणि हे मनाला लागून राहिलं होतं. शेवटी आमचे 'हे' म्हणाले, "चल, दाखवतो तुला." (यांचं गावातल्या खासबाग भागात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळालेली मोटर बघून 'बघूया' म्हणतात, त्याच सुरात हे म्हणाले होते, पण मी शब्द धरून ठेवला.)

मग मी तयारीला लागले. बालीची मनोरंजक माहिती गोळा करून रोज जेवताना वाचून दाखवायची. आगुंग हा तिथला सर्वांत उंच पर्वत, जिवंत ज्वालामुखी, आणि लोक त्याला देव मानतात. बातूरच्या जुन्या मुखात आता मोठं तळं आहे आणि तळ्याकाठी गावं वसली आहेत! काही किनाऱ्यांवरची वाळू काळी, कारण ती लाव्ह्याची!

"लाव्हा म्हंजे काय गं?" आत्तींनी विचारलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर नंदगडचं, आवाज शिवारातला, आणि कान अलीकडे जरा कामचुकार.

"पृथ्वीच्या पोटातला वितळलेला दगड. थंड झाला की काळा पत्थर होतो. आपल्या शेतातल्या विहिरीचा खडक आहे ना, तोही तसाच झालाय. फार फार पूर्वी."

"आपल्या हिरीतला?"

"हो."

"मग एवढं लांब कशाला जातीस? दोर सोड आणि हिरीत उतर की!"

हे भाकरी तोडायची सोडून हसायला लागले. मी दुसरी माहिती काढली.

खरी अडचण तारखेची होती. मला सुट्टी मिळत होती ती पाडव्याला जोडून, आणि आत्ती पाडव्याला घर सोडायला तयार नव्हत्या. लग्न होऊन आल्यापासून या घरातली गुढी एकदाही चुकली नव्हती. मामंजी होते तोवर तेच काठीवर तांब्या बांधायचे, आत्ती खालून "डावीकडं, अजून डावीकडं" म्हणायच्या. मामंजी गेल्यावर तांब्या यांच्या हातात आला आणि "डावीकडं" तसंच राहिलं. आत्तींना एकटं ठेवून जायचं नव्हतं, आणि गुढीविना त्या येणार नव्हत्या.

तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. "आत्ती, बालीत आपलाच शालिवाहन शक चालतो! त्यांचं नवीन वर्षसुद्धा यंदा पाडव्यालाच आहे!"

आत्तींचा घास हातातच राहिला. "खरं म्हणतीस? तिथं बी पाडवा?"

"अगदी त्याच दिवशी."

"मग बांबू मिळंल तिथं?"

"बांबूचंच बेट आहे ते!"

आत्ती तयार झाल्या. हे सगळं खरंच होतं, मी एका शब्दाचंही खोटं बोलले नव्हते. फक्त ते लोक तो पाडवा साजरा कसा करतात, हे त्याच्या पुढच्या ओळीत लिहिलेलं होतं, आणि माझं वाचन आदल्या ओळीवरच थांबलं होतं. त्या तारखांना राहायच्या जागा हव्या तितक्या रिकाम्या मिळाल्या, याचं श्रेय मी माझ्या नियोजनाला दिलं. पाडव्याच्या पहाटे बातूरवर नेणाऱ्या जीपवाल्यानं "त्या दिवशी नाही" असं कळवलं, तेव्हा मी त्याला आळशी ठरवलं.

आत्तींच्या पिशवीत मामंजींचा तांब्या, हिरवी जरीकाठाची साडी, साखरेच्या गाठी, कडक भाकरीची चळत आणि शेंगाची चटणी. विमानतळावरच्या तपासणीत तांब्या तीनदा आत-बाहेर झाला. "काय बघायलेत एवढं?" आत्ती विचारत्या झाल्या. "तांब्या कुणी बघितला न्हाय व्हय कधी?"

आम्ही पोचलो ते पाडव्याच्या आदल्या दुपारी. वायान नावाच्या एका गृहस्थाच्या घरात माडीवरची खोली घेतली होती. उंच भिंतीचं कुंपण, आत अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात काळ्या दगडाची छोटी छोटी देवळं आणि चाफा. मी लगेच माहिती दिली, "इथं पहिल्या मुलाचं नाव बहुतेक वायानच असतं. दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा क्तुत. पाचवा झाला की पुन्हा वायान!"

"आपल्यात तरी काय येगळं हाय? थोरला अण्णा, धाकटा आप्पा. खरं नाव शाळंत घालताना कळतंय." आणि आत्ती वायानकडे वळून म्हणाल्या, "काय रं अण्णा, बरं हाईस न्हवं?"

वायान नुसता हसला. माणसाला मराठी कळली नाही म्हणजे त्याला कन्नड येत असणारच, असा आमच्या भागात जन्म काढलेल्या कुणाचाही हिशेब असतो. आत्तींनी आवाज चढवून विचारलं, "आराम इद्दीरी?"

वायान आणखी हसला. आत्तींचं समाधान झालं.

संध्याकाळी रस्त्यावर सोंगं निघाली. दोन-दोन मजली राक्षस, बाहेर आलेले डोळे, लोंबणाऱ्या जिभा, बांबूच्या चौकटीवर ठेवून शेकडो माणसं नाचवत होती. ढोल, झांजा, आरडाओरडा! आत्ती खूश. "पाडवा जोरात करत्यात की गं!"

"मी म्हटलं नव्हतं?" मी म्हणाले. ते माझं त्या प्रवासातलं शेवटचं आत्मविश्वासाचं वाक्य.

कारण परत आल्यावर वायाननं आम्हाला अंगणात बसवून इंग्रजीत समजावलं. उद्या सकाळी सहापासून परवा सकाळी सहापर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. दिवा नाही, विस्तव नाही, मोठ्यानं बोलणं नाही. आजच्या गोंगाटानं भुतंखेतं जागी झाली आहेत. उद्या ती बेटावरून फिरतील. सगळीकडे सामसूम दिसली की त्यांना वाटेल, इथं कुणी राहतच नाही, आणि ती निघून जातील. गावाचे राखणदार गस्त घालतात. कुणाच्या घरातून गडबड झाली, तर त्या घरमालकाला गावाच्या बैठकीत उत्तर द्यावं लागतं. "तुम्ही माझे पाहुणे," वायान हात जोडून म्हणाला. "मला सांभाळून घ्या."

मी आत्तींना सगळं मराठीत सांगितलं. सगळं म्हणजे बाहेर पडायचं नाही, एवढंच. (गुढीचा विषय मी सकाळवर ढकलला. तोवर काहीतरी सुचेल अशी आशा होती.)

"गुढी कुठं बाहीर जातीया?" आत्ती म्हणाल्या. "दारातच तर असती."

सकाळी मला जाग आली ती आत्तींच्या आवाजानं. "डावीकडं! अजून डावीकडं!"

मी खोलीपुढच्या गच्चीकडे धावले. सोंगाच्या चौकटीतला उरलेला एक लांबलचक बांबू यांनी अंगणातून पैदा केला होता, आणि गच्चीच्या कठड्याला गुढी बांधून झाली होती. कुंपणाच्या भिंतीवरून पार रस्त्यावर वाकलेली! हिरवी जरीची साडी वाऱ्यावर फडफडत होती, तांब्या उगवत्या उन्हात लखलखत होता. सगळं बेट 'घरी कुणी नाही' म्हणून श्वास रोखून बसलेलं, आणि आम्ही निशाण लावलं होतं!

"आत्ती!" मी कुजबुजले. "खाली घ्या ती!"

"आँ?"

"खाली घ्या!"

"कायतरी मोठ्यानं बोल गं! सणाच्या दिवशी तोंडातल्या तोंडात काय?"

आता सांगा, जिला कमी ऐकू येतं तिच्याशी कुजबुजून भांडायचं कसं? मी खुणा केल्या. आत्तींना वाटलं, गाठींची माळ नीट दिसत नाही असं मी सांगते आहे. त्यांनी गाठी आणखी पुढे सरकवल्या. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बघूया."

तेवढ्यात खालच्या दारातून चौकड्यांचं काळं-पांढरं वस्त्र नेसलेले दोन राखणदार आत आले. मागे वायान. बिचाऱ्यानं आदल्या रात्री हात जोडून एकच गोष्ट मागितली होती.

तिघे पाय न वाजवता माडीवर आले आणि गुढीकडे बघत उभे राहिले. आत्तींना मात्र पाहुणे आल्याचा आनंद झाला. "बर्री, बर्री! कुंद्री!" असं कन्नडमध्ये 'या, बसा' करून दोघांच्या हातांवर साखरेच्या गाठीचा एकेक तुकडा ठेवून मोकळ्या झाल्या.

मी आत्तींच्या कानाला तोंड लावून सगळं सांगितलं. भुतं, सामसूम, वायानची बैठक, सगळं. तेव्हा आत्ती हळू (म्हणजे त्यांच्या मानानं हळू) म्हणाल्या, "उभी केलेली गुढी दिस कलायच्या आत उतरत न्हाईत गं. ह्यांनी कधी उतरली न्हाय, मी न्हाय उतरायची." तांब्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले होते. "पर ह्या पोराला माझ्यापायी बोलणी बी बसू नयेत."

"मग काय करायचं?"

"डोकं चालंना झालंय माझं."

मी राखणदारांना अडखळत सांगितलं की आमचंही आज नवीन वर्ष आहे, शक तोच, तांब्या माझ्या सासऱ्यांचा, आणि संध्याकाळच्या आत ही उतरवली तर या बाईंना वर्षभर झोप लागणार नाही. त्यांतल्या वयस्कर राखणदारानं तांब्याकडे एकदा बघितलं. मग त्यानं अंगणाच्या आतल्या कोपऱ्याकडे, देवळांच्या शेजारच्या चाफ्याकडे बोट दाखवलं. भिंतीच्या आत, रस्त्यावरून न दिसणारी जागा. वर आकाश मोकळं.

"उतरायची न्हाय," आत्तींनी बजावलं. "उभीच न्यायची!"

आणि मग ती मिरवणूक निघाली. हे बांबू छातीशी धरून उभे. एक राखणदार साडीचा पदर सावरतोय, दुसरा खालून बुडखा धरतोय, वायान जिन्यावर उलटा चालत छपराखाली तांब्या वाचवतोय. सगळं बिनआवाजी! जिन्याच्या वळणावर गुढी अडकली. चौघे पुरुष, एक बांबू आणि एक साडी त्या वळणात अशी गुंतली की कुणाचा हात कुठला ते कळेना. आत्ती वरून हातवारे करून "डावीकडं" सांगत होत्या, आणि मराठी न येणारे तिघेही डावीकडे सरकत होते! फक्त आमचे हे उजवीकडे गेले. तांब्या छपराला लागून 'टण्ण' वाजला. सगळे थिजले. भुतांना काय वाटलं असेल ते असो, वयस्कर राखणदाराला मात्र हसू आवरेना. तोंडात पदराचा बोळा कोंबून तो खांद्यांनी हसत राहिला. (पदर आमच्या गुढीचा.)

चाफ्याला गुढी बांधली. वायाननं एक काळा दगड आणून बुडख्याशी टेकू लावला. राखणदारांनी हात जोडले आणि आल्या पावली निघून गेले. बैठकीत हा विषय निघाला नाही, हे वायाननं नंतर सांगितलं.

दिवसभर आम्ही अंगणात बसलो. विस्तव नसल्यामुळे वायानच्या बायकोनं आदल्या दिवशी करून ठेवलेला भात आणि आमच्या कडक भाकऱ्या, असा पाडवा झाला. शेंगाचटणी वायाननं तीनदा मागून घेतली. दुकानाचे फोन नाहीत, शाळेचे निरोप नाहीत. हे आणि आत्ती मामंजींच्या गोष्टी काढून हळू आवाजात बोलत बसले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यातल्या निम्म्या गोष्टी मी पहिल्यांदा ऐकत होते. मी एकही मनोरंजक माहिती सांगितली नाही. सांगावीशीच वाटली नाही. सूर्य कलल्यावर आत्तींनी निरांजन न लावता नुसते हात जोडून गुढी उतरवली आणि वायानच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझं लई उपकार झालं बघ, अण्णा." त्याला सगळं कळलं. अनोळखी गावात, त्या गावाचा सर्वांत मोठा नेम असताना, कुणी आपल्या म्हाताऱ्या माणसाचा हट्ट असा सांभाळतं, याचे आभार मानायला मी उरलेली सगळी शेंगाचटणी वायानच्या हातात ठेवली.

ज्वालामुखीचं म्हणाल, तर उरलेले दिवस आगुंग आणि बातूर दोघेही ढगांत होते. निघताना वायाननं टेकू लावलेला तो काळा दगड आत्तींच्या हातात ठेवला. आत्तींनी तो तांब्यात घालून आणला आणि घराच्या गच्चीवर, गुढी उभारतो त्या कोपऱ्यात ठेवला.

शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी घाईघाईत मी तो दगड उचलून वर्गात नेला. पोरांच्या हातांतून फिरवला. "हा बालीचा लाव्हा! नीट बघा, याची छिद्रं बघा, रंग बघा. असा दगड आपल्याकडे मिळणार नाही!" पोरांनी डोळे मोठे केले. एकीनं तर त्याला नमस्कार केला. मी धन्य झाले.

संध्याकाळी घरी आले तर आत्ती जिन्यातच उभ्या. "काय गं, हिरीचा गाळ काढताना निघालेला दगड कुंड्यांना टेकू द्यायला ठेवलता. त्यो तू कुठं नेलतीस?"

"तो बालीचा होता ना?"

"बालीचा वर गच्चीवर हाय. हळद-कुंकू लावलेला. दिसत न्हाय व्हय तुला?"